ओहायोकर

परदेशात राहणारा मराठी माणूस यात आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही सोसायटीत जा, 'आमचा धाकटा तिकडे असतो' हे वाक्य चहाबरोबर येतंच. तिकडे म्हणजे नक्की कुठे, हे विचारायचं नसतं. भिंतीवरच्या फोटोत बर्फ दिसतो, तेवढं पुरे. परदेशात राहणारा अमेरिकन मात्र आपल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. ज्या देशात शिरण्यासाठी आपली पोरं परीक्षा देतात, कर्ज काढतात, मारुतीला नारळ बोलतात आणि शेवटी एच-वन-बीच्या लॉटरीत नंबर लागतो का म्हणून डोळे लावून बसतात, तो देश याला जन्मतःच फुकट मिळालेला. आणि हा, कुणी हाकललेलं नसताना, दोन बॅगा उचलून त्यातून बाहेर पडलेला!

असा एक इसम आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे वरच्या मजल्यावर. गाव श्टुटगार्ट, देश जर्मनी. हे शहर 1968 पासून मुंबईची बहीण आहे, सरकारी कागदांवर. अमेरिकेतलं सेंट लुइस हीदेखील त्याची एक बहीण. म्हणजे नात्याने आम्ही आणि अमेरिकन इथे मावसभावंडं लागतो. वरच्या मजल्यावरचा हा मावसभाऊ सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा आहे, उंच आहे, आणि लिफ्टमध्ये अनोळखी माणसाकडे बघूनही हसतो. 'तू कुठला?' असं कुणीही विचारलं की तो 'अमेरिका' म्हणत नाही, 'ओहायो' म्हणतो. ओहायो ठाऊक नसलेला माणूस जगात असू शकतो, ही शक्यता त्याने विचारात घेतलेली नाही. आपण कुणा जर्मन माणसाला 'मी जिल्हा सातारा, तालुका कोरेगाव' असं सांगत नाही. हा सांगतो. म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी त्याचं नाव ठेवलं ओहायोकर. त्याला ते आवडलं. तो तिला वहिनी म्हणतो, मला दादा. हे दोन शब्द त्याने कष्टाने कमावलेत, आणि 'वहिनी'तला 'ह' त्याच्या तोंडून अजूनही हवेत विरतो.

गणपती उरकून आई आमच्याकडे आली. शेंगेनचा व्हिसा म्हणजे नव्वद दिवस. ते मिळवण्यासाठी तीस हजार युरोंचा विमा, माझं हमीपत्र, बँकेची स्टेटमेंटं आणि 'मी परत जाईन' हे पटवून देणारा तिच्या पेन्शनचा कागद, एवढं सगळं लागलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात ओहायोकर भेटला, हसला, वाकून नमस्कार करून गेला. वहिनीने शिकवलेला. आईने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "हा अमेरिकेचा ना? मग इकडे काय करतोय? तिकडे काही भानगड केली होती का रे त्याने?"

मी सांगितलं, शिकायला आला आणि नोकरीला राहिला.

"अमेरिकेत शाळा नाहीत?"

आहेत. त्यांचीच तर त्याला भीती. पदवी घेतली तेव्हाचं कर्ज अजून त्याच्या मानेवर आहे, आणि पुढे शिकायचं म्हणजे त्यावर दुसरा मजला चढवायचा. जर्मनीत सरकारी विद्यापीठांना फी जवळजवळ नाही. आमच्या बाडेन-वुर्टेम्बेर्ग राज्याने मात्र 2017च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो लावले. यात भारतीय आणि अमेरिकन असा भेद नाही. ही फी ऐकून आपल्याकडची मुलं शेजारच्या राज्यात अर्ज करतात. ओहायोकराने ती ऐकून आकडा पुन्हा विचारला होता, एखादं शून्य ऐकण्यात सुटलं असावं म्हणून. आईला हे पटलं. स्वस्त मिळतं तिथे जावं, यात तिला भानगड दिसेना.

खरी मौज कागदांची. महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला कागदाचं भय नसतं, उलट कागद नसला की अंगावर कपडा नसल्यासारखं वाटतं. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, डोमिसाइल, लाइट बिल, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, त्यावर ट्रू कॉपीचा शिक्का आणि पाकिटात पासपोर्ट साइज फोटो, एवढं घेऊन आपण रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करायलाही जातो. जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, आणि सोबत घरमालकाचं प्रमाणपत्र. मी माझी फाइल उघडली तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी माझ्या लग्नातही सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. बाई एक कागद मागत, मी दोन देई.

ओहायोकर त्याच कचेरीत पासपोर्ट आणि हसू एवढ्याच भांडवलावर गेला. पासपोर्ट चालला. हसू चाललं नाही. पुढची तारीख मिळाली 5/6. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे गडी 6 मेला दारात हजर, आणि कचेरीच्या मते यायचं होतं 5 जूनला. यानंतर तो आमच्याकडे येऊन सोफ्यावर बसला आणि मूळ मुद्द्याला आला. "दादा, मी कुठे राहतो हे सरकारला कशाला हवंय?" त्याच्या देशात असं नाव नोंदवत नाहीत. मी हे आईला फोनवर सांगितलं होतं. तिकडून लगेच प्रश्न आला, "मग यांना रेशन कार्ड कसं मिळतं?"

त्या फॉर्मात धर्माचा एक रकाना असतो. ओहायोकराने आजीचं स्मरण करून मोठ्या अक्षरांत 'ल्युथरन' असं लिहिलं. नोकरी लागली, पहिली पगाराची चिठ्ठी आली, आणि तीत चर्चचा कर. जर्मनीत नोंदलेल्या चर्चसाठी सरकारच कर कापून घेतं. आमच्या राज्यात तो आयकराच्या आठ टक्के. ओहायोकर इथे आल्यापासून चर्चच्या पायरीवरही चढला नव्हता. बरं, चर्च सोडायचं म्हटलं तर त्यालाही कचेरीत जाऊन तसं लिहून द्यायचं आणि वर फी भरायची. आमच्या इथल्या मराठी मंडळातले एक काका यावर फार खूश झाले. "आपले तेहतीस कोटी असून एकाचाही टॅक्स नाही!" असं ते हल्ली प्रत्येक कार्यक्रमात सांगतात.

व्हिसाचं मात्र मनाला लागतं. अमेरिकन, जपानी, कॅनेडियन अशा काही निवडक देशांचे लोक जर्मनीत नुसतं विमानातून उतरतात आणि राहण्याच्या परवान्याचा अर्ज इथे बसून करतात. आपल्या विद्यार्थ्याने आधी पदव्या खऱ्या आहेत याचा एपीएस दाखला काढायचा, वर्षाचे जवळपास बारा हजार युरो बंद खात्यात अडकवायचे, व्हिसाच्या तारखेसाठी रात्री जागायचं, आणि मग आईने बॅगेत लाडू भरायचे. ओहायोकराला हे सांगितलं तेव्हा तो खरोखर ओशाळला. "सॉरी दादा," म्हणाला. जणू नियम त्याच्या काकांनी केले होते.

पण देव न्यायी आहे. अमेरिकन माणूस पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जाऊन राहू दे, त्याचं सरकार त्याच्या मागोमाग येतं. नागरिक परदेशात राहून परदेशातच कमावत असला तरी त्याने दर वर्षी मायदेशी कराचं विवरण भरायचं, असा नियम असणारे देश जगात दोनच सांगितले जातात. एक अमेरिका, दुसरा आफ्रिकेतला इरिट्रिया. परदेशातल्या खात्यांत मिळून दहा हजार डॉलरांच्या वर रक्कम गेली की त्याची वर्दी वेगळी. ओहायोकराला भरायचा कर शून्य असतो, पण ते शून्यच आहे हे पानोपानी सिद्ध करावं लागतं. शिवाय 2010 साली तिकडे एक कायदा झाला, त्यानुसार जगभरच्या बँकांनी आपल्याकडच्या अमेरिकन खातेदारांची माहिती अमेरिकेला कळवायची. त्यामुळे काही बँका अमेरिकन पासपोर्ट बघूनच हात जोडतात. मला पहिल्या खेपेला खातं मिळालं, त्याला फिरावं लागलं. त्या संध्याकाळी मी घरी आल्यावर जरा गुणगुणत होतो, असं सौभाग्यवतींचं म्हणणं आहे.

श्टुटगार्टच्या भाडेकरूची खरी परीक्षा मात्र पैशात नसते, झाडूत असते. इथे 'केअरवोखे' नावाची प्रथा आहे, झाडण्याचा आठवडा. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि त्याने जिना झाडायचा, पुसायचा, मोठ्या पाळीत अंगण आणि फुटपाथही साफ करायचा, बर्फ पडला तर भल्या पहाटे तो उपसायचा. जिना आधीच स्वच्छ आहे ही सबब चालत नाही. स्वच्छ असला तरी झाडायचा. या सगळ्याचं मूळ एबरहार्ड नावाच्या इथल्या सरदाराच्या काळातल्या फर्मानात सांगतात. शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपापलं शेण दर आठवड्याला गावाबाहेर न्यावं, असं ते फर्मान, साल 1492. म्हणजे तिकडे कोलंबस समुद्रातून अमेरिकेला पोचत होता, तेव्हा इकडे शेण कुणी उचलायचं हे लेखी ठरत होतं. ओहायोकर तर खुद्द कोलंबस गावचा, ओहायोची राजधानी! त्याला हा योगायोग सांगितला तर तो पाटीकडे बघत म्हणाला, "कोलंबस पळाला ते बरं केलं."

पहिल्या पाळीला त्याने व्हॅक्युम क्लीनर लावला. रविवारी. जर्मनीत रविवार म्हणजे शांतता. दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकणंसुद्धा बंद. पहिल्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मशीन आपोआप बंद झालं. नंतर आईने त्याला फडकं पिळून जिना वरून खाली पुसत यायचं शिकवलं. ती मराठीत बोलत होती, तो इंग्रजीत. जिना लखलखीत झाला. आजींनी कोपऱ्यातून बोट फिरवून पाहिलं आणि आत निघून गेल्या. ओहायोकराचं तोंड उतरलं, "आवडलं नाही वाटतं." मी त्याला समजावलं की या भागातल्या श्वाबियन लोकांत म्हणच आहे, रागावले नाहीत म्हणजे पुष्कळ कौतुक झालं. मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण माझे वडील याच पंथाचे. बारावीत नव्वद टक्के पडले तेव्हा त्यांनी पेपर खाली न ठेवता 'हं' केलं होतं. ओहायोत मात्र मुलाने बुटाची नाडी बांधली तरी घरदार टाळ्या वाजवतं. अशा वातावरणातून उठून माणूस श्वाबियन लोकांत येऊन पडला की त्याचं काय होत असेल, कल्पना करा.

याच आजींना त्याने सुरुवातीला जिन्यात जाता जाता 'कशा आहात?' विचारलं होतं. अमेरिकेत हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. आजींनी उत्तर दिलं. डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. त्याची ट्राम गेली, पुढचीही गेली.

भाषेचं रडगाणं त्याच्याकडे आहेच. पण त्या बाबतीत त्याच्यामागे मोठी परंपरा उभी आहे. मार्क ट्वेन 1878 साली इथून जवळच्या हायडेलबर्गला येऊन राहिला आणि जर्मन भाषेने इतका पिडला गेला, की 1880च्या प्रवासवर्णनाला त्याने तिच्या नावाने एक अख्खं परिशिष्ट जोडलं. हाच ट्वेन 1896 साली मुंबईत उतरला, तेव्हा त्याला कावळ्यांनी भंडावलं. परदेशातल्या अमेरिकन माणसाने त्रासावं आणि त्रासाचे पैसे करावेत, हा मार्ग त्यानेच आखून दिला. ओहायोकराला अजून पैसे सुटलेले नाहीत. पाण्याला मात्र जातात. हॉटेलात पाणी विकत, तेही बुडबुड्यांचं, आणि बर्फ मागितला तर वेटर आधी ग्लासाकडे आणि मग त्याच्याकडे बघतो. हायवेवरच्या स्वच्छतागृहाला एक युरो. एकदा त्याने हिशेब मांडला की पाणी पिण्याचे आणि सोडण्याचे, दोन्हीकडून पैसे जातात. रिकाम्या बाटलीचे पंचवीस सेंट परत मिळतात, हे कळल्यावर त्याच्या गॅलरीत बाटल्यांचा डोंगर उभा राहिला. ओहायोत ही पद्धत नाही. सोड्याच्या बाटल्यांवर वाढलेल्या आमच्या घरात याचं कुणाला काही वाटलं नाही.

रजेने मात्र त्याला पुरतं हरवलं. अमेरिकेत पगारी रजा द्यायलाच हवी असा देशव्यापी कायदा नाही. इथे पाच दिवसांच्या आठवड्याला किमान वीस दिवस कायद्यानेच, आणि पुष्कळ कंपन्यांत तीस. ओहायोकर पहिल्या वर्षी रजा न घेता राबत राहिला. साहेबांनी बोलावलं. त्याला वाटलं बढती. साहेब म्हणाले, तुमची रजा शिल्लक आहे, यात सगळ्यांची पंचाईत होते. पुढल्या ऑगस्टमध्ये त्याने सलग तीन आठवडे घेतले, तर ओहायोहून त्याच्या आईचा फोन, "खरं सांग, नोकरी गेली ना?" ही गोष्ट त्याने आमच्या आईला सांगितली, तेव्हा ती पहिल्यांदाच त्याच्या बाजूने बोलली. "त्या माउलीचं काय चुकलं? मलाही तेच वाटलं असतं."

ऑक्टोबरात तो आजारी पडला. खोकत खाली आला आणि म्हणाला, "मला 102 ताप आहे." हे तो त्याआधी पहिल्या मजल्यावरच्या आजींना सांगून आला होता. जर्मन माणसाला ताप 39 झाला तर समजतो. 102 म्हणजे माणूस उकळतोय. आजी पाण्याची बादली आणायला निघाल्या होत्या म्हणे. आमच्या घरात मात्र 102 म्हटल्याबरोबर आईने कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवली. ओहायोकर तापातच उठून बसला. "यांना फॅरनहाइट कळतं?" कळतं तर! आपली तऱ्हाच अशी, हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये. गाडी किलोमीटरने चालते, पण नवरामुलगा पाच फूट अकरा असावा लागतो, आणि फ्लॅट चौरस फुटांतच विकला जातो. सबंध इमारतीत, किंबहुना सबंध गल्लीत, त्याची मापं समजणारे आम्हीच निघालो. तेव्हापासून तो घरचाच झाला. अमेरिकेतल्या आजीच्या केकच्या कृतीत 350 अंश लिहिलेले असतात, ते सेल्सिअसमध्ये 177 हे त्याला सौभाग्यवतींनी काढून दिलं. त्याची भट्टी 250च्या पुढे जातच नाही, म्हणून तो तोवर सगळंच कमी भाजलंय समजून जाळत होता.

श्टुटगार्टच्या फायहिंगेन भागात अमेरिकन लष्कराच्या युरोप विभागाचं मुख्यालय आहे. कुंपणाआत अमेरिकन दुकान, डॉलरचे भाव, त्याच्या लहानपणीची सगळी बिस्किटं. ओहायोकर साधा नागरिक, त्यामुळे त्याला आत प्रवेश नाही. अमेरिकेचा पासपोर्ट असून अमेरिकन बिस्किटांसाठी कुंपणाबाहेर उभा राहणारा तो एकटाच नसेल, पण मला भाकरवडी गावातल्या इंडियन स्टोअरात मिळते, हे मी त्याला त्या दिवशी सांगायचं टाळलं.

नोव्हेंबरातला चौथा गुरुवार म्हणजे त्यांचा थँक्सगिव्हिंग. इथे तो नुसता गुरुवार असतो. त्याने सण शनिवारी केला. आमच्या मंडळाची दिवाळीही हॉल मिळेल त्या शनिवारी असते, त्यामुळे आम्हाला तिथीचं काही वाटलं नाही. अख्खी टर्की खाटकाकडे आधी सांगून मागवली, ती भट्टीत मावेना. आम्ही शाकाहारी, त्यामुळे त्या झटापटीत फक्त सल्ले दिले. डब्यातला भोपळा इथे मिळत नाही म्हणून त्याचं भोपळ्याचं गोड राहिलं, आणि तोच चेहरा करून तो दारात उभा. आईने बाजारातला लाल भोपळा किसला, गूळ घातला, कणीक मळली आणि घारगे तळले. ओहायोकराने डोळे मिटून सात-आठ खाल्ले आणि आजीची आठवण काढली. त्याची ओहायोची आजी घारगे करत नसावी, पण भोपळा आणि आजी या दोन गोष्टींचं सगळीकडे जमतं असं दिसतं.

2024च्या जूनपासून जर्मनीने मूळ नागरिकत्व न सोडता जर्मन होण्याची मुभा दिली. अमेरिकेचीही हरकत नसते. तेव्हा ओहायोकर पाच वर्षं भरताच जर्मन होणार, अमेरिकनही राहणार, आणि शून्य कराचं विवरण मरेपर्यंत भरणार. आपल्या घटनेत दोन नागरिकत्वांची सोय नाही. जर्मन व्हायचं तर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यावं लागतं, म्हणून मी अजून घोळ घालतोय. अर्ज भरायला तो आमच्याच टेबलावर बसतो. आता त्याची स्वतःची फाइल आहे, तिच्यात प्लॅस्टिकचे कप्पे आहेत, आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आहेत. आईने विमानतळावर त्याच्याबद्दल शेवटचं मत दिलं, "पोरगा चांगला आहे. तिकडे राहिला असता तर वाया गेला असता."

जाता जाता एक विनंती. त्याचा थर्मामीटर मागच्या तापात फुटला. जर्मन मेडिकलमध्ये फॅरनहाइटचा मिळत नाही. ओहायोहून पार्सल मागवावं तर पंचेचाळीस युरोंच्या वरच्या भेटीवर कस्टम लागतं, आणि त्याची आई नुसता थर्मामीटर कधी पाठवत नाही, सोबत खोकाभर बिस्किटं भरते. चिंचवडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये तो मिळतो. तरी येत्या उन्हाळ्यात पुण्याहून श्टुटगार्टकडे कुणी येणार असेल, तर एक आणावा. वजन काही नाही, भाकरवडीच्या पुड्यातही बसेल.